पंपावर न लिहिलेला आकडा

मा. मंत्रिमहोदय,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही पेट्रोल पंपावर दुचाकी लावा, टाकीचं झाकण उघडायच्या आत प्रश्न येतो, "साधं की पॉवर?" कंपनी बदलली की 'पॉवर'च्या जागी 'स्पीड' येतं किंवा 'एक्सपी९५' येतं, प्रश्न तोच राहतो. मागे रांग लागलेली असते, कोणीतरी हॉर्न वाजवत असतं आणि लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजायचे की नाहीत हे उभ्या उभ्या ठरवावं लागतं. कधी तर प्रश्नही येत नाही. "साधं संपलंय" एवढं सांगून महागाचं नोझल टाकीत जातं. बहुतेक लोक मान डोलावतात, कारण प्रीमियम टाकलं की गाडी ॲव्हरेज जास्त देते असं त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं.

त्या ऐकीव समजाबद्दल हे पत्र आहे. प्रीमियम पेट्रोल विकूच नये असं माझं म्हणणं नाही. ज्या इंजिनाला ते लागतं त्याला ते मिळालंच पाहिजे. पण ते विकताना ग्राहकापुढे आकडे ठेवले जात नाहीत. ते ठेवायला लावणं आपल्या मंत्रालयाच्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

सगळा गोंधळ ऑक्टेनपासून सुरू होतो. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पिस्टन दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि ते जळतं. दाब आणि उष्णता फार झाली तर मिश्रणाचा काही भाग ठिणगीची आग पोचण्याआधी आपोआप भडकतो. आतून टकटक ऐकू येते. आपले मेकॅनिक म्हणतात, इंजिन नॉक मारतंय. हा अवेळी भडका टाळण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याची मोजपट्टी ठरली : आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १००, नॉर्मल हेप्टेनला ०. ज्यातला दाब कमी-जास्त करता येतो अशा एका सिलिंडरच्या चाचणी-इंजिनात आजही पेट्रोल तपासतात आणि त्याची टकटक या दोन द्रव्यांच्या कोणत्या मिश्रणाशी जुळते ते पाहतात. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दाब सोसणारं पेट्रोल.

या मोजमापात किलोमीटर कुठेच येत नाहीत. ऑक्टेन वाढलं म्हणून लिटरभर पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही. जास्त ऑक्टेनचा लाभ घेणारं इंजिन तसं बांधलेलं असावं लागतं : कॉम्प्रेशन जास्त, किंवा टर्बो बसवलेला, आणि टकटक होत नाही हे ओळखून ठिणगी थोडी आधी पाडू देणारा नॉक सेन्सर. अशा गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलेलं असेल तर मालकानं ९५च घालावं, पैसे वसूल होतील. पण डोंबिवली आणि कल्याण स्टेशनबाहेरचे वाहनतळ ज्या १००-११० सीसीच्या गाड्यांनी भरलेले असतात, त्यांची ही गरज नाही. ९१वर न अडखळता चालणाऱ्या साध्या इंजिनाला ९५ दिलं तर ते आधी चालत होतं तसंच चालतं.

ऑक्टेन वाढणं आणि ॲव्हरेज वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा तर आपल्याच धोरणात आहे. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूप जास्त, पण लिटरमागची ऊर्जा साधारण एकतृतीयांशानं कमी. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळून पेट्रोल ई२० केलं की ऑक्टेन चढतं आणि ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१च्या इथेनॉल आराखड्यातही हेच मांडलं आहे. मुळात विनाइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवून घेतलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२०वर सहा-सात टक्के, तशा दुचाकीचं तीन-चार टक्के घटेल, असा त्यात अंदाज होता. ऊर्जेतली घट जशीच्या तशी ॲव्हरेजमध्ये उतरत नाही, इंजिन किती जुळवून घेतं त्यावर बरंच ठरतं, हे मला मान्य आहे. पण जो २०१५ साली घेतलेली स्कूटर आजही चालवतो आहे त्याला गाडी पूर्वीइतकी जात नाही असं वाटत असेल, तर ते केवळ मनाचे खेळ नव्हेत.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट २०२५मध्ये ई२०वरच्या आक्षेपांना उत्तर देताना आपल्या मंत्रालयानं अभिमानानं सांगितलं की भारतातल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पूर्वी ८८ होतं, बीएस-६ या प्रदूषण मानकासाठी ते ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉलमुळे आता ९५ झालं आहे. हे विधान मी खरं मानतो. मग ज्या प्रीमियमच्या नावातच ९५ आहे, किंवा जे आजवर ९५ म्हणून ओळखलं गेलं, त्यासाठी लिटरला सात-आठ रुपये जास्त कशाचे? साधं पेट्रोल आपल्या म्हणण्यानुसार ९५ असेल तर त्या आकड्याला वेगळी किंमत उरत नाही. प्रीमियमचं ऑक्टेन त्याहून वर गेलं असेल तर नवा आकडा यंत्रावर लिहायला हवा. दोन्हीपैकी काहीही असो, उत्तर ग्राहकाला पंपावर वाचायला मिळालं पाहिजे. आज काही पंपांवर ई२०चा स्टिकर दिसतो, काहींवर शोधावा लागतो, आणि साध्या पेट्रोलचं ऑक्टेन तर माझ्या भागातल्या पंपांवर मला कधी लिहिलेलं दिसलेलं नाही.

या न लिहिण्यातून आणखी एक समज फोफावला आहे. ई२०ची भीती बसलेले अनेक जण प्रीमियमकडे वळले, कारण त्यात इथेनॉल नसतं असं त्यांना वाटतं. 'प्रीमियम' या शब्दाचा अर्थ विनाइथेनॉल असा होत नाही. तरी महागाचं पेट्रोल घेणाऱ्याचा हा गैरसमज पंपावर कोणी दूर करत नाही. तो दूर करणारा फलकच नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्या याचिकेत पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहावं अशीही मागणी होती. पर्याय देणं न देणं हा धोरणाचा भाग झाला, त्यावर मतभेद असू शकतात. पण जे विकतो आहोत त्यात काय आहे हे लिहायला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही.

पैशांचा हिशेब मांडून बघा. साधं पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे आणि प्रीमियम त्याहून ८ रुपयांनी महाग धरू. हा फरक भरून काढायला प्रीमियमनं ॲव्हरेज पावणेआठ टक्के वाढवलं पाहिजे. ५० किलोमीटर देणाऱ्या स्कूटरनं ५४च्या जवळ गेलं पाहिजे. तसं झालं नाही, तर ३०० रुपयांत साध्यावर जी गाडी १४५ किलोमीटर गेली असती ती प्रीमियमवर १३५ किलोमीटरवर थांबेल. घोडबंदर रोडला किंवा पलावात जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या मुलाचा विचार करा. दिवसाला दोन लिटर आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तरी त्याचे चारशे सोळा रुपये जातात. ऑफिसला कारनं जाणाऱ्याला हा खर्च जाणवणार नाही. या मुलाच्या खिशातून मात्र महिन्याला दोन दिवसांचं पेट्रोल निघून जातं, आणि ते त्यानं काटकसर म्हणून खर्च केलेलं असतं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. चैन म्हणून कोणी प्रीमियम घेतलं तर त्याची मर्जी. बचतीच्या आशेनं घेतलं आणि त्यातच पैसे गेले तर ती फसगत आहे, मग तसा हेतू कोणाचाही नसो.

जादा पैशांतला काही वाटा सरकारलाही जातो. ब्रँडेड पेट्रोलवरचं केंद्रीय उत्पादनशुल्क साध्यापेक्षा जास्त आहे. राज्याचा व्हॅट टक्क्यांत असल्यानं किमतीबरोबर तोही वाढतो. ठाण्यात तो १ जुलै २०२४पासून २६वरून २५ टक्क्यांवर आला, तेव्हा लिटरमागे ६५ पैसे वाचल्याच्या बातम्या झाल्या होत्या. ६५ पैशांची बातमी होते आणि आठ रुपयांचा निर्णय रांगेत उभ्या उभ्या होतो.

प्रीमियमच्या बाजूनं सांगण्यासारखं आहे ते सांगतो. त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी पूरक द्रव्यं घातलेली असतात आणि ती निरुपयोगी नाहीत. कंपन्या मूळ पेट्रोल एकमेकींकडूनही घेतात, त्यामुळे आपापली वेगळी ओळख त्या बऱ्याच अंशी याच द्रव्यांतून घडवतात. पण साफ इंजेक्टर आहे ते ॲव्हरेज टिकवतो. चांगल्या स्थितीतल्या गाडीचं ॲव्हरेज तो पावणेआठ टक्क्यांनी कसा वाढवणार? आणि या द्रव्यांसाठी इतका जादा भाव घ्यावाच लागतो असंही दिसत नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये नावड्याला, म्हणजे कल्याण-तळोजा रस्त्यावरून आम्हाला जवळच, जिओ-बीपीचा पहिला पंप उघडला, तेव्हा पूरक द्रव्यं घातलेलं पेट्रोल जादा आकार न घेता देऊ असं त्या कंपनीनं जाहीर केलं होतं. दुसऱ्या टोकाला इंडियन ऑइलचं एक्सपी१०० आहे. डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीत ते १६० रुपये लिटरनं बाजारात आलं. ते शर्यतीच्या तोडीच्या इंजिनांसाठी आहे हे त्याची किंमतच सांगते, त्यामुळे त्यात कोणी फसत नाही. गडबड होते ती मधल्या, आठ रुपयांच्या पायरीवर.

महागड्या पेट्रोलमध्ये काय घातलं आहे ते ग्राहकाला न सांगण्याचा इतिहास फार जुना आहे. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिसेयुक्त द्रव्यानं टकटक थांबते असं आढळलं. १९२३मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन इथे ते पेट्रोल विकायला आलं, पण विक्रीच्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता. ते 'एथिल' म्हणून विकलं गेलं. पुढे ते जगभर पसरलं, आणि आपल्या देशात शिसं पूर्णपणे हद्दपार व्हायला १ फेब्रुवारी २०००ची तारीख उजाडली. आजची पूरक द्रव्यं तशी विषारी आहेत असं मला अजिबात सुचवायचं नाही. पण त्याच अमेरिकेत पुढे १९७८चा कायदा झाला, १९७९मध्ये त्याचा नियम आला, आणि तेव्हापासून तिथे प्रत्येक नोझलजवळ पिवळ्या पट्टीवर ऑक्टेन लिहिलेलं असतं. तिथलं ८७ हे वेगळ्या पद्धतीनं काढतात. आपल्या मोजणीत ते साधारण ९१ होतं. मॅन्युअलमध्ये सांगितलं त्यापेक्षा जास्त ऑक्टेन घालून काही फायदा नाही, असं तिथलं फेडरल ट्रेड कमिशन ग्राहकांना स्पष्ट शब्दांत सांगतं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून अमेरिकन लोकांनी वर्षभरात दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाया घालवली, असं तिथल्या एएए या वाहनचालक संघटनेनं चाचण्या घेऊन २०१६मध्ये जाहीर केलं होतं. युरोपीय संघात १२ ऑक्टोबर २०१८पासून पंपावर आणि नव्या गाडीच्या झाकणाजवळ ई५, ई१० असं एकसारख्या गोल खुणेत लिहावं लागतं. गाडीवरची खूण आणि पंपावरची खूण जुळवली की झालं.

आपल्याकडे हे अवघड का असावं? आपल्या पंपांवर याहून कठीण गोष्टी आधीच होतात. पेट्रोलची घनता रोज मोजून लिहिली जाते. ग्राहकानं मागितलं तर फिल्टर पेपर द्यावा लागतो, पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापानं मोजून दाखवावं लागतं. आणि या हक्कांची गरज का पडते हे ठाणेकरांना शिकवावं लागत नाही. २०१७च्या जून-जुलैमध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात चिप बसवून माप मारण्याचे प्रकार राज्यभर उघडकीला आले. आमच्या डोंबिवलीचं नाव त्या प्रकरणात होतं. तेव्हापासून इथला माणूस नोझल टाकीत जाण्याआधी "झिरो बघा" या हाकेची वाट न पाहता स्वतःच झिरो बघतो. मापाबद्दल जागरूक झालेल्या या ग्राहकाला प्रतीबद्दल जागरूक व्हायला फक्त दोन आकडे हवे आहेत : ऑक्टेन आणि इथेनॉलचं प्रमाण. घनतेचा आकडा सामान्य माणसाला काही सांगत नाही, तरी तो लिहितात. हे दोन आकडे मॅन्युअलशी थेट जुळवता येतात, आणि नेमके तेच नाहीत.

ॲव्हरेज खरोखर कशानं घटतं, हे आमच्या रस्त्यांवर एक दिवस काढला तरी कळेल. डोंबिवलीची स्कूटर सकाळी घरातून निघते, दोन किलोमीटरवर स्टेशनला थांबते आणि रात्री तेवढंच अंतर परत येते. इंजिन धड तापत नाही, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२चे खांब उभे राहताहेत, घोडबंदरला मेट्रो ४चे उभे राहिले आहेत, आणि गायमुखच्या चढावर ट्रक अडकला की मागे रांग ताटकळते. त्या रांगेत फर्स्ट-सेकंडवर सरकणाऱ्या गाडीत ९१ असो वा १००, ॲव्हरेज पडणारच. मोठागाव-माणकोली पूल २०२४मध्ये सुरू झाला आणि डोंबिवलीहून ठाण्याला जाणाऱ्यांचा शीळफाट्याचा किंवा कल्याण-भिवंडीचा वळसा टळला. त्या पुलानं वाचवलं तेवढं पेट्रोल कोणत्याही प्रीमियमनं वाचवलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणेन. टायरमधली हवा, साफ एअर फिल्टर, वेळेवर बदललेलं ऑइल, सिग्नलला बंद केलेलं इंजिन, ताशी ४५ ते ५५चा वेग : हा सल्ला तर आपल्याच मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षं देत आली आहे. तिचे फलक पंपांवर असतातही, फक्त त्यांच्या शेजारी प्रीमियमचा फलक दहापट मोठा असतो.

प्रीमियमनं फरक पडतो असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. माणूस नवं पेट्रोल भरतो तेव्हा बहुधा गाडीची सर्व्हिसिंगही नुकतीच झालेली असते, हवाही भरलेली असते, आणि आकड्यावर लक्ष असल्यानं ॲक्सिलरेटर जपून पिळला जातो. पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले तरी फरक दिसतो. एका टाकीवरून काही ठरत नाही. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, नेहमीच्याच रस्त्यानं ती संपवायची, पुन्हा तशीच भरायची, आणि असं दोन्ही पेट्रोलांवर काही वेळा करायचं, तेव्हा कुठे खरं चित्र दिसतं. ही मेहनत प्रत्येक ग्राहकानं स्वतःच्या खर्चानं करावी अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. पुण्यात एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६पासून आहे. गाड्यांच्या ॲव्हरेजचे बरेच अधिकृत आकडे तिथल्या चाचण्यांतून येतात. देशात सर्वाधिक खपणाऱ्या दहा दुचाकी आणि दहा कार घ्या, प्रत्येकीवर साधं ई२० आणि तिन्ही सरकारी कंपन्यांचं प्रीमियम तपासा आणि निकाल जसे येतील तसे मराठीसह सगळ्या भाषांत छापा. एखाद्या गाडीत प्रीमियमनं खरोखर पैसे वाचत असतील तर कंपन्यांना त्याहून चांगली जाहिरात मिळणार नाही. वाचत नसतील तर ॲव्हरेजचा दावा जाहिरातींतून काढायला लावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच, पण सरकारी कंपन्यांच्या बाबतीत ग्राहकाला तिथपर्यंत जावं लागू नये.

तोपर्यंत तेल कंपन्यांना आपण एक सूचना लगेच देऊ शकता, त्यासाठी चाचणी नको की नवा कायदा नको. ग्राहकानं स्वतः नाव घेतल्याशिवाय प्रीमियमचं नोझल उचलू नये. काही न बोलता गाडी पुढे आली तर साधंच भरावं. साधं खरोखर संपलं असेल तर तशी पाटी रांगेच्या सुरुवातीला, रस्त्यावरून दिसेल अशी लावावी, म्हणजे ज्याला पुढच्या पंपावर जायचं आहे तो वळण्याआधीच जाईल. आणि बिलावर पेट्रोलचा प्रकार, ऑक्टेन आणि इथेनॉलचं प्रमाण मराठीत छापलेलं असावं.

कळावे,

आपला,
डोंबिवलीतला एक दुचाकीस्वार